फरशीवरचं घाटनांदूर

घाटनांदूरला मामांनी उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. किराणा, खत-बियाणं, सायकल दुरुस्ती. फ्लेक्स आला आणि काम आटलं. मी पुण्यात बसून, संगणकातली चित्रं हाताने काढल्यासारखी दिसावीत म्हणून प्रोग्राम लिहितो. काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने त्यांना माझं काम दाखवलं. पडद्यावर गावाचं नाव होतं, रंगवलेल्या पाटीसारखं.

मामांनी चष्मा पुसून पाहिलं. म्हणाले, "ह्याचा हात का कापतोय रे? माझा हात असा कापला असता, तर मला कुणी पाटी दिली असती का?"

मी स्वच्छ अक्षर घेऊन त्याच्या कडा थोड्या वेड्यावाकड्या केल्या होत्या. या धंद्यात बहुतेक जण सुरुवात अशीच करतात, आणि ती चूक आहे असं आता मी ठामपणे म्हणतो. कंप म्हणजे हाताची खूण नव्हे. तो घालवण्यातच पेंटरचं आयुष्य जातं. त्यानंतरही अक्षरात जे कमीजास्त उरतं, त्याला कारण असतं. कुंचल्यातला रंग सरतो, भिंत रंग पिते, वळणावर मनगट फिरतं. एका बुडवणीत शिरोरेषा कुठवर जाईल हे मामांना ठाऊक असतं. पुढचा जोड ते नेमका अक्षराच्या दांड्यावर घेतात, म्हणजे सांधा दिसत नाही.

मग मी जुने शोधनिबंध नव्याने वाचायला घेतले. 1990 मध्ये पॉल हेबर्ली यांनी फोटोवरून फराट्यांचं चित्र करण्याची रीत मांडली. फराट्याचा रंग खालच्या फोटोतून यायचा, पण तो कुठे आणि कसा पडायचा हे माउस फिरवणारा माणूस ठरवायचा. 1996 मध्ये बार्बरा मायर यांनी हलत्या चित्रातले फराटे वस्तूच्या पृष्ठभागालाच चिकटवले. तसं केलं नाही तर फराटे दाराच्या काचेवर आणि माणूस पलीकडे चालतोय, असं दिसतं. माझा जीव जडला तो 1997 च्या, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांच्या जलरंगावरच्या कामावर. त्यांनी रंगाचा डाग काढलाच नाही, पाणी काढलं. कागदावर वाहणारं पाणी, खाली बसणारे रंगकण आणि तंतूंत झिरपणारी ओल, असे तीन थर. वाळताना पाणी कडेकडे ओढ घेतं, कणही बरोबर नेतं आणि डागाची कड गडद होते. ती गडद कड मी आधी वरून रेघ मारून आणत असे. तेव्हा ती खोटी का दिसते ते कळत नव्हतं.

रंगाचा हिशेब ठेवणारा कुंचला मी लिहिला. शिरोरेषा जमली. 'द'ची गाठ मात्र चिखलासारखी भरून यायची. तिथे कुंचला किती दाबायचा, किती थांबायचं, हे मामांना विचारलं. "ते सांगून येत नसतं," म्हणाले. पण उठले, चपटा कुंचला तांब्यात बुडवला आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर नुसत्या पाण्याने गावाचं नाव लिहिलं. मी मोबाइल वर धरून चित्रण करत राहिलो.

उन्हाळ्याची दुपार कलली होती, फरशी तापलेली. शिरोरेषेचं उजवं टोक आधी उडालं, मग दांड्यांची खालची टोकं. 'द'ची गाठ ओली राहिली, पण सगळी नाही. आतल्या बाजूची एक बारीक चंद्रकोर तेवढी काळी होती. म्हणजे मनगट फिरताना भार आत जात होता आणि बाहेरची कड जवळपास कोरडी सुटत होती. मी दाब गाठभर सारखाच धरला होता. मामा वाकून बघत होते. आपल्या अक्षरात पाणी कुठे थांबतं, हे त्यांनीही असं कधी पाहिलं नव्हतं.

"दुसऱ्यांदा लिहू?" त्यांनी विचारलं.

"थांबा, अजून वाळू द्या," मी म्हणालो.

'टा' गेला, 'दू'चा उकार गेला. फरशीवर शेवटी 'नां'वरचा अनुस्वार उरला होता. तो देताना मामांनी कुंचला टेकवून जागच्या जागी फिरवला होता.