पुंगळीची मान

रजेवर स्मृती नगरला आलो होतो. पुतण्या मोबाईलवर एका अमेरिकन नेमबाजाचा व्हिडिओ बघत होता. तो घरीच गॅसच्या ज्योतीवर रिकाम्या पितळी पुंगळ्यांच्या माना तापवत होता, पुन्हा भरण्यासाठी.

"काका, तुम्ही पण असं करता?"

"नाही रे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे. आम्ही फायरिंगनंतर एकेक पुंगळी मोजून परत देतो."

पण मान तापवायची कशाला? मग त्याला इंग्रजांच्या काळची गोष्ट सांगितली. पावसाळ्यात त्यांच्या हिंदुस्थानातल्या फौजा काडतुसं तबेल्यांत ठेवत. पाऊस सरेपर्यंत न झाडलेल्या पुंगळ्यांना तडे गेलेले असत. कोडं १९२१ साली सुटलं. घडवताना पितळात ताण राहून जातो, त्याला घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया लागला की धातू फाटतो. उपाय म्हणजे मान बेताने तापवून ताण मोकळा करणं. बूड मात्र कडकच ठेवायचं, दाब तिथे झेलायचा असतो.

बाबा भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. म्हणाले, "पोलादातही असा ताण राहतो. वरून कळत नाही."

त्या रात्री माझ्या कंपनीतला एक जवान आठवला. त्याने दोनदा रजा मागितली, मी दोनदा "पुढच्या महिन्यात" म्हणालो. कामात कसूर नव्हती, म्हणून मी निश्चिंत होतो. एका सकाळी तो फॉलइनमध्ये उभ्या उभ्या रडायला लागला. महिनाभर घरी राहून आला आणि पूर्वीसारखाच खडा जवान झाला. चूक माझी होती.

हल्ली रजेचा अर्ज आला की आधी माणसाला समोर बसवतो, कॅलेंडर नंतर बघतो.