बहिणीची फी आणि माझा पगार

आम्ही उंब्रजचे. घरी थोडा ऊस आहे, वडील, आण्णा, थकलेत. मी एम.एस्सी., सेट. जवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. २०२४ साली धाकटी बहीण बारावी झाली. सीईटीत बरे मार्क पडले, इंजिनिअरिंगला जायचं ठरलं. प्रश्न फीचा होता.

त्याच वर्षी ८ जुलैला शासन निर्णय निघाला. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याआधी निम्मं माफ व्हायचं. आम्ही एसईबीसीत बसतो. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीच्या अर्जाची पावती हवी. निकालानंतर सगळेच एकदम सेतू केंद्रात जातात. जातीच्या दाखल्यासाठी जुन्या शाळेतला उतारा शोधण्यातच आमचा बराच वेळ गेला. घरात कुणी बारावीला असेल तर दिवाळीच्या आतच जातीचे कागद काढून ठेवा.

मध्येच एकजण म्हणाला, संस्थेच्या कोट्यातून आत्ताच सीट धरा, मुलींना फी माफच आहे. आई तयार झाली होती. मी निर्णय उतरवून घेतला आणि नीट वाचला. माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून झालेल्या प्रवेशालाच आहे. त्या माणसाला नाही म्हणालो.

तिसऱ्या पसंतीचं कॉलेज लागलं. तिथल्या खिडकीवर सांगितलं, आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ. बहिणीचा चेहरा उतरला. मी निर्णयाची प्रत पुढं केली, अर्ज लिहिला आणि त्यावर आवक शिक्का मागितला. पूर्ण फी हवी असेल तर तसं लेखी द्या, असंही म्हटलं. ते आत जाऊन बोलून आले. मग विकास शुल्क आणि अनामतच घेतली. विकास शुल्क माफीत नाही, ते धरूनच पैशांची तयारी ठेवावी. आमच्याकडे तेवढेही नव्हते, मामांकडून उसने घेतले. पावतीवर प्रत्येक रक्कम वेगळी लिहून घेतली. महाडीबीटी पोर्टलवर फीमाफीचा अर्ज त्याच आठवड्यात भरला.

शेजारच्या मुलाला बहिणीपेक्षा जास्त पर्सेंटाइल होतं. घरची परिस्थिती आमच्यासारखीच. त्याला निम्मीच फी माफ झाली. पैसा कमी पडला की आधी मुलीचं शिक्षण थांबतं, हे मी गल्लीत पाहिलंय. म्हणून मुलींची माफी मला योग्यच वाटते. पण त्याच्या आईनं उरलेल्या निम्म्यासाठी दागिना ठेवला, तेव्हा तिच्याशी काय बोलावं ते मला सुचलं नाही.

आता माझं. मला तासाला ९०० रुपये मिळतात, आठवड्याला ९ तास. सुट्टी, परीक्षा, मे महिना, सगळं बिनपगारी. दरवर्षी नव्यानं मुलाखत. शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. पाहुण्या अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला ५० हजारांपर्यंत द्यावेत, असं यूजीसीनं २०१९ मध्येच सांगितलंय. समान कामाला समान वेतनाचं तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या जगजीत सिंग निकालात म्हटलंय. बहिणीच्या वेळी निर्णयाची प्रत दाखवायला निदान एक खिडकी होती. हा निकाल घेऊन मी कुठल्या खिडकीवर जायचं? एकट्यानं कोर्टात जाणं परवडत नाही. मला हे उघड अन्यायाचं वाटतं.

आम्ही तासिकावाल्यांनी एकत्र सहीचं निवेदन दिलंय. प्रत्येक तासाची नोंद मी स्वतःच्या वहीत ठेवतो, महिन्याला विभागप्रमुखांची सही घेतो. बिलात तास कमी धरले गेले तेव्हा हीच वही उपयोगी पडली. त्या सत्राचे पैसे सत्र संपल्यावर आले. मामांचे आधी दिले.