पांढरी पाचातली घरघर

आपल्या घरातली वीज एका ठरावीक सुरात गाते. सेकंदाला 50 आवर्तनं म्हणजे पेटीवरची पांढरी पाच, थोडी चढी आणि पार खालच्या सप्तकातली. बऱ्याच गायिका जिथे षड्ज धरतात त्याच्या दोन सप्तकं खाली महावितरणचा हा तंबोरा अष्टौप्रहर लागलेला असतो. ट्रान्सफॉर्मरजवळ कान नेला तरच एरवी तो जाणवतो, तोही एक सप्तक वर. रेकॉर्ड प्लेयरसाठी घरच्या घरी फोनो प्रीअँप बांधायला घेतला, की मात्र तो बैठकीच्या खोलीत येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही.

याचं कारण सुईच्या गरिबीत आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज खाचेतून फिरताना साधारण 5 मिलिव्होल्ट देतं, आणि त्याच टेबलामागच्या भिंतीत 230 व्होल्ट आहेत. म्हणजे 46,000 पट. या श्रीमंत शेजाऱ्याचा एक थेंब जरी सुईच्या वाटेवर सांडला, तरी प्रीअँप त्याला गाणं समजून शंभर पट मोठं करतो. वर आरआयएएची वक्ररेषा. 1954 च्या सुमारास अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांनी एकमताने ठरवलं, की तबकडी कापताना खर्ज दाबायचा आणि टीप चढवायची. खर्ज पूर्ण जोराने कापला तर खाच इतकी नागमोडी होते, की शेजारच्या खाचेत घुसते. आणि टीप चढवून ठेवली, की वाजवताना ती उतरवता येते, तिच्याबरोबर सुईची खरखरही उतरते. म्हणून प्रीअँपला नेमकं उलटं करावं लागतं: 3180, 318 आणि 75 मायक्रोसेकंद या तीन आकड्यांनी खर्ज परत उचलायचा आणि टीप उतरवायची. पहिल्या आकड्याचं हर्ट्झमध्ये रूपांतर करा. 50 येतात! हजार हर्ट्झच्या मानाने तिथे आवाज सात पट उचलला जातो. त्यांच्या देशात वीज 60 ची. आपल्या विजेच्या सुरावर बोट ठेवून कुणी ही खोडी मुद्दाम काढली नसणार. भोगतो मात्र आपण.

माझ्या या उद्योगातले भागीदार म्हणजे कल्याणचे एक काका. उभी नोकरी त्यांनी रेल्वेच्या ओव्हरहेड तारांवर काढली. त्यांचं संगीत नाट्यपदांपाशी सुरू होतं आणि नाट्यपदांपाशीच संपतं. पण करंट कुठून आला आणि कुठे गेला, याबद्दलची त्यांची चौकसपणाची सवय कुठल्याही घराण्याच्या गवयाला शोभावी अशी आहे. सर्किट मी निवडलं: दोन 5532 आयसी, 15-0-15 चा ट्रान्सफॉर्मर, 7815 आणि 7915 रेग्युलेटर, एक टक्क्याचे रेझिस्टर. लॅमिंग्टन रोडला एका दुपारी पिशवीत भरून मिळेल एवढंच सामान. काकांनी कागद चष्म्याजवळ धरला आणि विचारलं, "जातोय कुठून ते दिसलं. परत कुठून येतो?"

नकाशावर अर्थच्या खुणा पाच-सात ठिकाणी असतात, आणि कागदावर त्या सगळ्या एकच: शून्य. प्रत्यक्षात शून्य नावाची तार बाजारात मिळत नाही. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला दहा सेंटिमीटरला 1.7 मिलिओहम रोध असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. पण रेक्टिफायर मोठ्या कपॅसिटरला सलग भरत नाही. सेकंदाला शंभर वेळा, घाईघाईने, ढकलल्यासारखा भरतो. सर्किटला सरासरी 30 मिलिअँपिअर लागत असले, तरी त्या झटक्यात सहज पाव अँपिअर वाहतो. या झटक्याची आणि सुईची परतीची वाट तेवढी दहा सेंटिमीटर जरी सामाईक निघाली, तरी त्या तुकड्यावर 0.4 मिलिव्होल्ट उभे राहतात, म्हणजे सुईच्या जोरदार सुराचा बारावा हिस्सा. 100 हर्ट्झला वक्ररेषा त्याला आणखी साडेचार पट उचलते. आता गाणं जेवढं मोठं, त्याच्या एकतृतीयांशाहून मोठी घरघर. आयसी उत्तम, रेझिस्टर उत्तम, आणि पाहुण्यांना ऐकवायची सोय नाही.

म्हणून ट्रान्सफॉर्मरचं मधलं टोक आधी थेट दोन कपॅसिटरांच्या जोडावर न्यायचं. झटक्यांनी आपापसात काय ते तिथेच मिटवायचं. त्या जोडापासून पुढे एकच तार काढून ती एका बिंदूला न्यायची, आणि इनपुट, आउटपुट, आयसी अशा सगळ्यांच्या परतीच्या तारा आपापल्या पायाने त्या बिंदूपर्यंत आणायच्या. झाळताना हात आखडायचा नाही. डाग चकचकीत बसला पाहिजे. मळकट, दाणेदार बसला तर पुन्हा तापवायचा. टोनआर्ममधून येणाऱ्या चार बारीक तारांपैकी लाल-हिरवी उजव्या बाजूची, पांढरी-निळी डाव्या बाजूची. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून आणायची, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र दोघींत सारखंच शिरतं आणि वजाबाकीत जातं. पाचवी तार टोनआर्मच्या धातूची. ती गाण्याच्या भानगडीत पडत नाही, सरळ प्रीअँपच्या धातूच्या पेटीला जाते.

पीळ घातलेली जोडी पाहून काका म्हणाले, "हे तर आमचं रिटर्न कंडक्टर." मग चहा निवेपर्यंत रेल्वे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, आणि आपल्या बाजूच्या लोकल त्याच डीसीवर कित्येक दशकं धावल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. टप्प्याटप्प्याने बदल होत 2015 साली मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग सीएसटीपर्यंत 25,000 व्होल्ट एसीवर गेला. आवर्तनं तीच, 50. गाडीने वरून घेतलेला करंट चाकांतून रुळांत उतरतो आणि सबस्टेशनकडे परत निघतो. पण रूळ जमिनीवर टेकलेले, त्यामुळे वाटेत त्याला पाय फुटतात आणि शेजारून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांत घरघर उठते. त्यावर उपाय म्हणून एसी मार्गांवर जिथे गरज असेल तिथे बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवतात. ते हा भटका करंट ओढून खांबांवरच्या वेगळ्या परतीच्या तारेत घालतात. जाणारा आणि येणारा शेजारी-शेजारी चालले, की बाहेर त्रास नाही. मी दहा सेंटिमीटरमध्ये जे करू पाहत होतो, ते ही माणसं मैलोगणती करत आली होती.

एवढं करूनही प्रीअँप घुमत होता. इमारतीमागून लोकल जाते म्हणून तो घुमतो, असं आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत होतं. डोंबिवलीत भिंतीला तडा गेला तरी नाव रेल्वेचंच. रात्री गाड्या थांबतात तेव्हा तारेत व्होल्टेज असतं, पण ओढणारं कुणी नाही म्हणजे करंट जवळजवळ नाही. तेव्हाही घरघर तेवढीच होती. रेल्वे निर्दोष सुटली. इनपुटवर शॉर्टिंग प्लग लावले तरी आवाज तसाच, म्हणजे चोर पेटीच्या आतलाच. आणि सूर 100 चा कर्कश नाही, 50 चा गोल, म्हणजे तारांचा दोष नाही. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र थेट शिरतंय. ते अंतराच्या घनाने उतरतं: अंतर दुप्पट करा, उरतो आठवा हिस्सा. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात घालून हातभर दूर ठेवला. पेटीसाठी मी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा देखणा डबा आणला होता. काकांनी खिशातून लोहचुंबक काढून त्याला लावला, तो खाली पडला. स्वयंपाकघरातलं बहुतेक स्टील असंच. चिवडा राखतं, चुंबकीय क्षेत्र रोखत नाही. त्यापेक्षा पत्र्याचा जुना बिस्किटांचा डबा बरा, त्याला चुंबक चिकटतो. पावसाळ्यात तो गंजेल हे खरं, पण इथल्या हवेत पितळी सॉकेटही हिरवे पडतात. दर दोन-चार महिन्यांनी पिना काढून पुसायच्या हे धरूनच चालावं.

एका गोष्टीवर काका आवाज चढवतात. घरघर घालवायला थ्री-पिनची अर्थ तोडा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि गंमत म्हणजे तो लागूही पडतो. पण ट्रान्सफॉर्मरची 230 ची तार कधी सुटून पत्र्याला टेकली, तर टोनआर्म उचलणारं बोट हाच अर्थ होतो. पेटीला अर्थ बोल्टने घट्ट हवी. सिग्नलचा शून्यबिंदू पेटीला 10 ओहमच्या रेझिस्टरमधून जोडावा आणि त्याच्याबरोबर उलटसुलट दोन दणकट डायोड द्यावेत. लहान घरघर 10 ओहमपाशी अडते, मोठा धोका डायोडमधून निघून जातो. आमच्या जुन्या इमारतीत तर तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. कोळसा आणि मीठ घालून खड्डा करणं, त्यातून वरपर्यंत पट्टी आणणं, हा सोसायटीच्या मीटिंगचा विषय झाला. "तुमच्या गाण्यासाठी आम्ही का पैसे द्यायचे?" असं तळमजल्याने विचारलं. काकांनी गिझरचं नाव घेतल्यावर ठराव पास झाला.

पहिली तबकडी लावली ती अर्थात राम मराठ्यांची. ठाण्यातच राहिलेला माणूस. 1963 च्या 'मंदारमाला' नाटकातल्या पदांच्या चाली त्यांच्याच, त्यांतली कित्येक त्यांनीच गायलेली. दोन पदांमधल्या कोऱ्या खाचेवर सुई आली तेव्हा काका पुढे वाकून ऐकत होते. तान त्यांनी मान हलवून घेतली होती. त्यांची परीक्षा या मधल्या रिकाम्या जागेची होती. तिथे धुळीची टिकटिक होती, तबकडीचा आपला श्वास होता. पांढरी पाच नव्हती.

आता त्यांना 78 च्या जुन्या तबकड्या वाजवायच्या आहेत. मुंबईत 1990 मध्ये सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संग्राहकांच्या मंडळींनी जपल्या, तशा लाखेच्या. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांच्या तबकड्यांना 1954 चा नियम कुठून ठाऊक असणार? तेव्हा प्रत्येक कंपनीची कापायची रीत वेगळी, आणि टीप फारशी चढवलेलीच नसायची. 75 मायक्रोसेकंदांची कात्री लावली तर खाँसाहेब पडद्याआडून गातात. सुईही चौपट रुंद हवी. म्हणजे एक स्विच आला, आणि त्याच्या चार तारा आल्या. स्विच पुढे लावला तर वापरायला सोपा. मागे, सॉकेटांजवळ लावला तर तारा आखूड. मी पुढे म्हणतो. काका विचारतात, परत कुठून येणार?