पोतं आणि पंधरा किलो

भोपाळला कधी जायचं, हा प्रश्न आमच्या लहानपणी कुणाला पडलाच नाही. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की जायचं, म्हणजे मे महिन्यात. त्या गावी जायला याहून वाईट महिना नाही. पारा चाळिशीच्या वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि महिनाअखेरीला नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरचे तापते नऊ दिवस. पण शाळेला सुट्टी तेव्हाच, वडिलांना रजा तेव्हाच आणि आत्याच्या पत्रातलं ‘पोरांना धाडून दे’ हेही तेव्हाचंच.

आता कधी जायचं ते फोनवरचं कॅलेंडर सांगतं. प्रत्येक तारखेखाली विमानाचं भाडं लिहिलेलं असतं, स्वस्त दिवस हिरवा आणि महाग दिवस लाल. दिवाळी लाल, नाताळ लाल, शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी लाल, पावसाळ्याचे दिवस बरेचसे हिरवे. भल्या पहाटेचं नाहीतर रात्री उशिराचं विमान बहुधा स्वस्त. भोपाळचं भाडं चढलं की इंदूरचं पाहायचं, तिथे विमानं जास्त, आणि पुढचे जवळजवळ दोनशे किलोमीटर बसने जायचं. मी हे दोनदा केलंय. बसचं तिकीट आणि वाया गेलेला अर्धा दिवस धरला तर हाती काही उरत नाही.

आत्या भोपाळला गेली त्याला कारण राज्यपुनर्रचनेचं. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला, नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळची आली. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी माणसं संसार उचलून तिकडे गेली. आमचे आतोबा त्यांतलेच. तात्या टोपे नगरात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी टीटी नगरात, त्यांना सरकारी क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरू. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या लावलेल्या, आणि दर तासाला त्यांच्यावर पाणी मारायचं काम आम्हा मुंबईच्या पोरांकडे.

तिकीट काढणं हा वडिलांचा एक अख्खा दिवस असे. पहाटे उठून बोरीबंदरला रांगेत उभं राहायचं, खिडकीशी पोचेपर्यंत दुपार व्हायची, आणि कधी ‘उद्या या’ ऐकून परतायचं. पण पुठ्ठ्याची ती तिकिटं हातात आली की घरात कामं वाटली जात. आई तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या करायची, फिरकीचा तांब्या घासून ठेवायची. वडील होल्डॉलचे पट्टे तपासायचे. आजी आत्यासाठी हापूसची पेटी गवत घालून स्वतः भरायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आणि आत्याला पत्र जायचं: अमुक तारखेला पंजाब मेलने येतोय. त्या पत्राला उत्तर आलं की आम्हाला प्रवास सुरू झाल्यासारखं वाटे. आता पहाटेच्या विमानाचं तिकीट मी रात्री अकरा वाजता, अंथरुणात पडल्या पडल्या काढतो. घरातल्यांना ते सकाळी कळतं.

पंजाब मेल संध्याकाळी निघायची. इगतपुरीला इंजिन बदललं जाई, तेवढ्यात वडील गरम वडे घेऊन यायचे. भुसावळ झोपेत जायचं. इटारसीचा चहा झाला की सगळे खिडकीशी, कारण पुढे होशंगाबादचा पूल. आई पदराच्या गाठीतली नाणी काढून एकेकाच्या तळहातावर ठेवायची. पूल धडधडायला लागला की ‘नर्मदे हर’ म्हणत ती खाली टाकायची. माझं नाणं एकदा पुलाच्या लोखंडाला आपटून परत डब्यात आलं. आजीने ते जन्मभर देव्हाऱ्यात ठेवलं.

पुलानंतर बुधनीचा घाट, सागाचं रान आणि मग टेकड्यांवर उभे असलेले ते मोठमोठे खडक. 1957 साली विष्णु श्रीधर वाकणकर याच वाटेने आगगाडीतून जात होते. खिडकीतून त्यांना ते खडक दिसले आणि स्पेन-फ्रान्समधल्या चित्रगुहांच्या खडकांची आठवण झाली. मग ते शोध घेत तिथे गेले. भीमबेटका जगाला कळलं ते असं, आणि 2003 मध्ये ते जागतिक वारसा झालं. आम्हाला ही हकीकत फार उशिरा समजली. त्याच खडकांकडे बघत आम्ही दशम्या खाल्ल्या होत्या.

विमानाला मुंबईहून दीड तास लागतो. वाटेत ढग दिसतात, आणि नशीब असेल तर उतरताना बडा तालाब.

पण जुन्याचं कौतुक करताना मला 1984 आठवतं. 3 डिसेंबरला वायुगळतीची बातमी आली. वडिलांनी ट्रंक कॉल लावला, मिळेना. तार केली, उत्तर नाही. पाचव्या दिवशी आतोबांची तार आली: सर्व सुखरूप. ते पाच दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. आणि दोन वर्षांपूर्वी आत्या सकाळी न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हा संध्याकाळच्या आत मी तिच्या खाटेपाशी होतो. तिकीट तिप्पट पडलं, पण पोचलो. वडिलांना हे सुख मिळालं असतं तर ते पाच दिवस त्यांच्या वाट्याला आले नसते.

स्वस्त तिकिटांनी मला माहीत नसलेलं भोपाळही दाखवलं. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा तालाब काठोकाठ भरला होता, भदभद्याची दारं उघडली होती आणि सांचीचा स्तूप हिरव्या माळावर उभा होता. एकदा फेब्रुवारीत गेलो आणि भारत भवनचा वर्धापनदिन पाहिला. चार्ल्स कोरिआंनी बांधलेलं हे भवन 13 फेब्रुवारी 1982 ला सुरू झालं, आणि आम्ही मात्र दर वेळी उन्हाच्या भीतीने टट्ट्यांमागे बसून राहिलो. तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जा. मेमध्ये फुकट तिकीट मिळालं तरी जाऊ नका.

एवढं सगळं मिळूनही मुक्काम आटला. तेव्हा महिना महिना राहायचो, आता दोन रात्री, कारण परतीचा हिरवा दिवस तिसरा असतो. आत्याने चार दिवसांचे बेत केलेले असतात. पोहे-जिलबी होते, गाकर राहतात.

आणि गहू राहतो. सीहोरचा शरबती गहू. निघायच्या आदल्या दिवशी आत्या तो अंगणात चादरीवर पसरून निवडायची, खडे काढायची, उन्हात तापवायची. मग पोतं भरून दाभणाने तोंड शिवायची आणि निळ्या शाईने त्यावर वडिलांचं नाव लिहायची. ते बर्थखाली सरकवलं की पाय ठेवायला जागा नसे, पण दिवाळीपर्यंत घरात त्याच गव्हाची पोळी असे. विमानात पंधरा किलो, त्यातच कपडे. मागच्या खेपेला तिने तीन किलोची पिशवी दिली आणि विचारलं, “एवढा चालेल ना रे?”

आत्या आता शहाऐंशीची आहे. टीटी नगरातलं ते क्वार्टर पाडलं गेलं, ती कोलार रोडवर राहते. या वेळी मी आधी तिला फोन करून विचारलं, कधी येऊ. ती म्हणाली, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ये, आठ दिवस राहा. जाताना विमान आहे, त्या दिवशीचं भाडं लाल आहे. येताना पंजाब मेल. खालचा बर्थ मिळालाय, पोतं त्याच्याखाली बसेल.