वर्ध्याच्या मातीतील मोरपंखी

सूचिपर्णी वृक्ष म्हणजे थंड डोंगराळ प्रदेशाचे, असा समज रूढ असला, तरी त्यांतील मोरपंखी हे झाड विदर्भाच्या अंगणांत चांगलेच रुळले आहे. मूळ चीनकडच्या या झाडाला लिनियसने १७५३ मध्ये थुजा वंशात स्थान दिले होते. आज ते प्लॅटिक्लॅडस या स्वतंत्र वंशात गणले जाते. त्याची पाने सुयांसारखी नसून बारीक खवल्यांसारखी, डहाळीला घट्ट चिकटलेली असतात आणि त्या डहाळ्या उभ्या, चपट्या पंख्यांप्रमाणे शेजारी शेजारी वाढतात. ‘ऑरिया नाना’सारखे सोनेरी छटेचे बुटके वाण बियांतून जसेच्या तसे उतरत नसल्यामुळे ते फाटे कलमाने, म्हणजे कोवळी फांदी मातीत रुजवून, वाढवले जातात.

वर्ध्यात मे अखेरीस, नवतप्याच्या दिवसांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून या झाडाला उन्हाचीच अधिक भीती असावी असे वाटते. प्रत्यक्षात त्याला खरा धोका साचलेल्या पाण्याचा असतो. काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगून चिकट होते, तिच्यातील हवा कोंडते आणि मुळे कुजू लागतात. मात्र मुळे गेल्यावरही पाने काही आठवडे हिरवीच दिसत असल्याने दोष उशिरा ध्यानात येतो. त्यामुळे मुरूम, जाड वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून केलेल्या उंचवट्यावर किंवा तळाशी मोठी छिद्रे असलेल्या कुंडीत हे झाड लावणे श्रेयस्कर ठरते. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी ही अतिसूक्ष्म कीड पानांतील रस शोषते. फांदी पांढऱ्या कागदावर झटकली असता हलणारे ठिपके दिसले, तर झाडाच्या आतील भागावर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय होय.

छाटणीत मात्र विशेष संयम लागतो. जास्वंद बुंध्यापर्यंत छाटली तरी पुन्हा फुटते. मोरपंखीच्या पाने झडलेल्या जुन्या लाकडातून सहसा नवी पालवी येत नाही, म्हणून कात्री हिरव्या भागापुरतीच चालवावी लागते आणि चुकीचा काप वर्षानुवर्षे उघडा दिसत राहतो. साहजिकच या झाडाचा आकार कात्रीपेक्षा लावणीच्या वेळीच अधिक ठरतो: वाण खरोखर बुटके आहे का, भिंतीपासून अंतर किती, चारही बाजूंनी ऊन पोहोचते का, याचा विचार आधीच करणाऱ्या बागकर्त्याला पुढे फारसे छाटावे लागत नाही, आणि बागकामातील कौशल्याची खरी कसोटी तीच आहे.