लाभार्थी आणि हरकत

‘लाभार्थी’ हा शब्द मराठीत नवा नाही. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत शासकीय मराठीत त्याने जे स्थान मिळवले आहे, ते एखाद्या भाषाभ्यासकाने सविस्तर तपासावे असे आहे. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा, मागणारा. विद्यार्थी विद्या मागतो, शरणार्थी आश्रय मागतो. त्या न्यायाने लाभार्थी हा लाभ मागणारा असायला हवा. प्रत्यक्ष वापरात मात्र लाभ पदरात पडलेल्या माणसाला आपण लाभार्थी म्हणतो. म्हणजे व्युत्पत्तीने जो मागणारा, तोच व्यवहारात मागणे संपलेला ठरतो. यादीत नाव आले, चावी हातात पडली, फोटो निघाला. आता आणखी काय हवे? परवडणाऱ्या घरांच्या वसाहतींतील माणसे गावाच्या कारभारात बोलत का नाहीत, याचा विचार करताना हा शब्द आम्हाला वारंवार आडवा येतो.

आम्ही रत्नागिरीत मराठी शिकवतो. या शहराची हद्द आणि शहराची वस्ती या दोन गोष्टी आता एक राहिलेल्या नाहीत. कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, शिरगाव ही कागदोपत्री ग्रामपंचायतींची गावे. पण तेथून जाताना शहर कोठे संपले हे नवख्याला सांगता येणार नाही. अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांना परवडतील अशी घरे शहराच्या मध्यभागी मिळणे कठीण झाले, तशी वस्ती या कडेकडेने सरकली. अशाच एका वसाहतीत, तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही, आमचे काही विद्यार्थी राहतात. त्यांच्या निमित्ताने गेली काही वर्षे आमचे तेथे जाणे-येणे आहे.

या हद्दीचा एक गमतीदार परिणाम आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) शहरांना प्रभाग समित्या दिल्या खऱ्या, परंतु त्यांची सक्ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरतीच. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या ७६ हजारांच्या आसपास होती. शिवाय २०१६ साली निवडून आलेल्या नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका होईपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे खुद्द शहरातल्या माणसाला उभे राहून बोलण्यासाठी हक्काची सभा नाही आणि चार वर्षे तर नगरसेवकही नव्हता. उलट हद्दीपलीकडच्या मतदाराला ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार सभा कायद्याने घ्याव्याच लागतात. त्यापूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. गणपूर्तीसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी असेल ती संख्या पुरते. ज्याला आपण ‘शहराबाहेर फेकला गेलेला’ म्हणतो, त्याच्या हाती शहरवासीयापेक्षा मोठा अधिकार आहे. तो वापरला जात नाही, हा पुढचा भाग.

का वापरला जात नाही? भीती, अज्ञान, उदासीनता ही ठरीव उत्तरे आम्हाला पुरेशी वाटत नाहीत. कोकणापुरते बोलायचे तर कारण बरेच साधे आहे. ग्रामसभेचा सभासद म्हणजे त्या गावच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. वसाहतीतल्या अनेकांची नावे अजून लांजा, राजापूर, संगमेश्वर तालुक्यांतल्या मूळ गावी आहेत. तेथे घर आहे, भावकी आहे, शिमग्याला पालखी दारात येते. ते नाव काढून आणायचे म्हणजे गावाशी नाते तोडल्यासारखे वाटते. नमुना क्रमांक ८ भरला की मतदारयादीतला पत्ता बदलतो, हे सांगणे सोपे आहे. पालखीचे काय, याला त्या नमुन्यात रकाना नाही. (पालखीचा आणि मतदारयादीचा काही संबंध नाही, हे आम्ही अनेकांना समजावले. मान डोलावून सर्वांनी ऐकले.) दुसरीकडे, ज्या गावात ही वसाहत उभी राहिली त्या गावाचे व्यवहार वाडीवार चालतात. रस्ता अमुक वाडीचा, पाखाडी तमुक वाडीची. वसाहत ही कोणाचीच वाडी नव्हे. तिला मानपान नाही, तशी तक्रारीलाही जागा नाही.

त्यात सोडतीची भर. म्हाडाची घरे सोडतीने मिळतात, आणि सोडत हा न्यायाचा चांगला मार्ग असला तरी शेजार घडवण्याचा नव्हे. चिठ्ठीने एका जिन्यावर आणलेली आठ कुटुंबे एकमेकांना परकी असतात. मराठी वाचकाच्या मनातला सामूहिक वस्तीचा नमुना अजून ‘बटाट्याची चाळ’ हाच आहे. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे त्यातले प्रकरण आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा मुले भरपूर हसतात. पण गच्चीसाठी मालकाशी भांडायला सगळी चाळ एक होते यात काही अद्भुत आहे, असे पूर्वी कोणाला वाटत नसे. आता वसाहतीतल्या मुलांना तेच अद्भुत वाटते. एकीने विचारले, “सर, पण एवढ्या सगळ्यांना बोलावलं कोणी?” समीक्षेच्या पुस्तकांत हा प्रश्न आमच्या पाहण्यात नाही.

बोलावले कोणी, याचे एक उत्तर मुंबईच्या गोरेगावात सापडते. मृणालताई गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळाले ते पाण्यासाठी बायकांना संघटित केल्यामुळे. पुढे त्यांनी आणि बाबुराव सामंत प्रभृती सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या रूपाने घरांचा लढा उभारला. कमाल जमीनधारणेच्या १९७६ च्या कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन गरजूंच्या घरांसाठी वापरा, ही मागणी होती आणि त्यातून दिंडोशीला हजारो घरांची वसाहत उभी राहिली. आमच्या दृष्टीने लक्षणीय आहे तो क्रम. तेथे माणसे आधी बोलली, मोर्च्यात चालली, सभांना बसली. घर नंतर आले. आमच्याकडे घर आधी आले आहे आणि बोलणे बाकी आहे. उलट्या क्रमाने हे साधते का, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आम्ही मात्र आमच्या विषयापुरते पाहू. वसाहतीतला प्रश्न पाण्याचा होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात एप्रिल-मे उजाडला की हंड्यांच्या रांगा लागतात, हे येथे कोणाला नवल नाही. महिलांच्या ग्रामसभेपूर्वी एक लेखी अर्ज द्यावा असे ठरले. बायका म्हणाल्या, “आमी काय बोलनार? तुमीच लिवा.” ‘व्यावहारिक मराठी’चा पेपर दिलेली, त्याच वसाहतीत राहणारी आमची विद्यार्थिनी लिहायला बसली. तिने लिहिले ते असे: उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, वसाहतीत पाणीटंचाईमुळे नागरिकांची मोठ्या प्रमाणात गैरसोय होत असून योग्य ती कार्यवाही होणेस विनंती आहे.

अर्ज पाठ्यपुस्तकाप्रमाणे निर्दोष होता. परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण पडले असते. मग तो मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा शेजारी बसलेल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, “ह्यात आमचा कायच नाय.” आणि त्या बोलू लागल्या. मंगळवारी पहाटे साडेचारला पाणी आले. वीस मिनिटे होते. खालच्यांचे भरले, तिसऱ्या मजल्यावर चढलेच नाही, कारण पंप शिमग्यापासून बंद आहे. शुक्रवारपर्यंत पुन्हा आले नाही. सून बाळंतीण आहे, दिवसाला पाच हंडे लागतात, आणि ते पऱ्यापलीकडच्या विहिरीवरून आणावे लागतात. पट्टी मात्र वेळच्या वेळी मागतात.

कोणत्याही चांगल्या अर्जात जे हवे ते सगळे येथे होते: वार, वेळ, कालावधी, मजला, कारण, परिणाम. आणि ‘निर्दोष’ अर्जात यातले काहीही नव्हते. शासकीय मराठीवर टीका करताना आपण बहुधा शब्दांपाशी थांबतो. १९६२ च्या पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले, ते आपण अजून चवीने सांगतो. पण क्लिष्ट शब्द हा किरकोळ अपराध आहे. खरा घोटाळा वाक्यरचनेत आहे. ‘सादर करण्यात येते’, ‘गैरसोय होत असून’, ‘कार्यवाही होणेस’: या वाक्यांत कर्ताच नाही. पंप कोणी बंद ठेवला, पाणी कोणी सोडले, हंडा कोणी वाहिला, काही कळत नाही. सगळे आपोआप होते, जसा पाऊस पडतो. ही भाषा अधिकाऱ्याने वापरली तर समजते. त्याला कर्ता लपवण्यात सोय आहे. तक्रारदाराने ती वापरावी, हे विपरीत आहे. आणि ती वापरायला त्याला शिकवतो तो आपलाच अभ्यासक्रम.

विद्यार्थिनीने अर्ज पुन्हा लिहिला. बाईंची वाक्ये प्रमाण मराठीत आणताना वार आणि वेळ तसेच ठेवायचे, प्रत्येक क्रियापदाला कर्ता द्यायचा, एवढीच सूचना आम्ही केली. अर्ज दीडशे शब्दांच्या आत बसला. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला दीडशे शब्दांची आणि एका अर्जात एकच विषय अशी मर्यादा आहे. ती जाचक आहे, असे आमचे मत आहे. पण निबंधलेखनाचा वर्ग घ्यायला तिच्याइतकी शिस्त दुसऱ्या कशात नाही, हेही खरे. विषयाच्या ओळीत ‘विनंती’च्या जागी तिने स्वतःहून ‘हरकत’ लिहिले. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ हालचाल. गाण्यात ती जागा खुलवते. मराठी कारभारात ती अडवते. बायकांना शब्द आवडला. ‘हरकत नाही’ असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, हरकत आहे असे म्हणायची वेळ फारशी येत नाही, असे त्यांच्यातल्याच एकीचे निरीक्षण होते.

अर्ज दिल्यावर काय झाले, तेही सांगितले पाहिजे. महिलांच्या सभेत तो वाचला गेला. वाचला त्या वयस्क बाईंनी नव्हे, विद्यार्थिनीने. बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि ‘पाच हंडे’ या शब्दांपाशी त्यांनी मान हलवली. ग्रामसेवकांनी (२०२४ पासून हे पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आहे, सेवकाचा अधिकारी होण्याला भाषेत एक शासननिर्णय पुरतो) इतिवृत्तात नोंद घेतली: ‘पाणीप्रश्नावर चर्चा झाली.’ विद्यार्थिनीने ती नोंद वाचायला मागितली आणि ‘कोणी मांडला ते लिहा’ असे म्हटले. थोडी कुरबुर झाली. मग वसाहतीचे नाव आणि पंपाचा उल्लेख ओळीच्या वर बारीक अक्षरांत घातला गेला.

पंप दुरुस्त झाला तो पावसाळा सुरू झाल्यावर, म्हणजे त्याची निकड सरल्यावर. या बाबतीत फार आनंद मानण्याचे कारण नाही. भाड्याने राहणारी कुटुंबे अजून या सगळ्याच्या बाहेर आहेत. घरमालकाला आवडणार नाही म्हणून ती सही करत नाहीत, आणि त्यांना तसा आग्रह करण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटत नाही. आमची नोकरी पक्की, घर आमचे. बोलण्याची किंमत त्यांना मोजावी लागेल.

त्यानंतरची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे अनेक ठिकाणी खरे निर्णय त्या दुसऱ्या, ओस सभेत मोजक्या माणसांच्या साक्षीने होतात. वसाहतीतल्या बायकांना हे तोवर कळले होते. नवी तारीख त्यांनी फलकावरून उतरवून घेतली आणि त्या दिवशी अकरा जणी वेळेआधी जाऊन पुढच्या खुर्च्यांवर बसल्या. त्यांतल्या चौघींची नावे अजून गावच्या यादीत नव्हती. त्यांना मत नव्हते. बसू नका, असे मात्र कोणी म्हणाले नाही.