लय कोणाच्या हाती?

संगीत नाटक बसवायला घेतलं की नट विचारतात, मी कुठं उभा राहू? नेपथ्यकार विचारतो, पातळ्या किती? निर्माता विचारतो, माणसं किती कमी करता येतील? या धंद्यात केस पिकल्यावर माझा स्वतःचा पहिला प्रश्न वेगळाच झाला आहे: या प्रवेशात लय कोणाच्या हाती आहे?

गद्य नाटकात हा प्रश्न झाकून जातो. एक नट विराम लांबवतो, समोरचा सांभाळून घेतो. गाणं सुरू झालं की मात्र कोणाला तरी काळ धरावाच लागतो आणि ज्याच्या हाती काळ, त्याच्या हाती रंगमंच. पाश्चात्त्य ऑपेरात हे उघडच असतं. वादकांच्या खड्ड्यात उभा राहून संगीत-संचालक छडी हलवतो आणि मरणाच्या प्रवेशातही गायिकेला डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या छडीकडे बघावं लागतं. दिग्दर्शकाने तिला हवं तिथं मारावं, पण छडी दिसेल अशाच जागी! नरिमन पॉइंटला जमशेद भाभा नाट्यगृहात ऑपेरा बघताना माझं लक्ष कथेपेक्षा त्या चोरट्या नजरांकडेच जास्त जातं.

आपल्याकडे उलटं झालं. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, आणि पुढच्या काळात लय हळूहळू गाणाऱ्या नटाच्या मुठीत गेली. बालगंधर्वांच्या साथीला अहमदजान थिरकवाँसारखा तबलिया असे; तरी पद किती रंगवायचं ते गंधर्व आणि प्रेक्षक मिळून ठरवत. वन्समोअर आला की कथा निमूटपणे बाजूला उभी राहायची. दिग्दर्शकाला त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. तालीममास्तर होते, पण त्यांचं राज्य पडदा उघडेपर्यंतच.

1972च्या डिसेंबरात पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ आलं आणि लयीची मालकी पुन्हा बदलली. जब्बार पटेलांनी ती बारा ब्राह्मणांच्या रांगेला दिली. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं, दोन्ही त्या रांगेतून चालतात. रांग डोलते, वळते, पाठ फिरवते, आणि नाना काय नि घाशीराम काय, तिच्या ठेक्यातच वावरतात. सत्ता कशी चालते हे तेंडुलकरांनी शब्दांत लिहिलं होतं. पटेलांनी ते तालात मांडलं. मग 1978 साली ‘तीन पैशाचा तमाशा’. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 1928च्या बर्लिनमधल्या नाटकावरून पुलंनी तो लिहिला. त्यात नंदू भेंडे रॉकच्या वळणाने गायचे आणि त्याच रंगमंचावर अस्सल मराठी ढंगाची गाणीही व्हायची. पात्र बदललं की लयीचा मालक बदलायचा.

हे सगळं मी बघून, वाचून आणि ध्वनिमुद्रणं ऐकून शिकलो. आणखी एक तऱ्हा मला आरेत बघायला मिळाली.

पोटासाठी चित्रनगरीत मालिकांची कामं आणि संध्याकाळी गोरेगावात तालीम, त्यामुळे आरे कॉलनीचा रस्ता पायाखालचा झाला. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवण्यासाठी 1949 साली ही दूधवसाहत वसवली. वारल्यांचे पाडे त्याच्याही आधीचे. तिथल्या एका पाड्यावर तारपा नाच बघायला मिळाला. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांचं ते लांब वाद्य फुंकत तारपकरी मध्ये फिरतो. कमरेला हात घालून साखळी केलेले नाचणारे त्याच्याभोवती वळत राहतात. त्याला पाठ दाखवायची नाही, हा नियम. त्याने सूर बदलला की पावलं बदलतात. तोच वादक, तोच संचालक, तोच नृत्यदिग्दर्शक. पुढचा सूर कधी घ्यायचा ते आधी ठरलेलं असतं का, असं मी नंतर एका काकांना विचारलं. ते म्हणाले, पायांकडे बघायचं, पाय सांगतात.

दुसऱ्या दिवशी तालमीत हार्मोनियमवाल्याला मी कोपऱ्यातून उठवून मधोमध बसवलं. नट त्याच्याभोवती हलू लागले आणि तो पहिल्यांदाच संहितेऐवजी त्यांच्या पायांकडे बघून वाजवू लागला. पदाच्या दुसऱ्या अंतऱ्याला एक मुलगी धापा टाकत होती. त्याने आपणहून एक आवर्तन जास्त वाजवलं, तिला श्वास घेऊ दिला आणि मग सम दिली. ते आवर्तन मी कधीच काढलं नाही. त्या पात्राची दमछाकच प्रवेशाचा गाभा होती आणि मला ती कागदावर सापडली नव्हती.

तेव्हापासून संहितेच्या समासात प्रत्येक प्रवेशापुढे मी एक नाव लिहितो. कधी तबला, कधी आजीचं पात्र, कधी अख्खा कोरस. एकाच प्रवेशात नाव बदलत असेल, तर कुठल्या ओळीवर, तेही लिहितो. भांडणाचा प्रवेश असेल तर दोघांनाही लय हिसकावू देतो. कोण जिंकलं ते प्रेक्षकाला संवादाआधी कळतं. प्रयोगाच्या रात्री माझ्या हाती काहीच नसतं, म्हणून हे वाटप आधीच करावं लागतं.

हल्ली एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो, तेव्हा बहुतेक गाणारी नाटकं ट्रॅकवर चाललेली दिसतात. पेन ड्राइव्ह लावला की सगळं चोख. साथीदारांची नाइट वाचते, ध्वनिव्यवस्था सोपी होते, प्रवासात दोन माणसं कमी. हे फायदे मी नाकारत नाही. पैसे नसतील तेव्हा मीही ट्रॅक वापरला आहे. पण लय तेव्हा अशाच्या हाती जाते, ज्याला नटाचा श्वास ऐकू येत नाही. टाळ्या लांबल्या तरी पुढचं कडवं सुरू होतं, नट अडखळला तरी सम यायची तेव्हाच येते. तरुण दिग्दर्शक मग माझ्याकडे तक्रार करतात, की तालमीत जिवंत वाटणारं गाणं प्रयोगात मेलं. मी त्यांना एवढंच सांगतो: फार खर्च परवडत नसेल तर एक ढोलकीवाला घ्या, विंगेत लपवू नका, नटांच्या पायांकडे बघता येईल असा बसवा. उरलेलं संगीत ट्रॅकवर ठेवलंत तरी चालेल.